घरची एल नेमकी कुठे नासते?

इंग्लंडमध्ये घरी बनवल्या जाणाऱ्या बिअरमधला सगळ्यात नेहमीचा प्रकार म्हणजे बिटर नावाची एल. साहित्य मोजकेच लागते. वीस-बावीस लिटरसाठी चार किलोच्या आसपास पेल मॉल्ट, म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेली बार्ली. रंगासाठी आणि किंचित गोडव्यासाठी थोडे क्रिस्टल मॉल्ट. फगल किंवा ईस्ट केंट गोल्डिंग जातीचे हॉप्स. पाणी आणि यीस्ट. भरडलेले मॉल्ट ६६ अंश सेल्सियसच्या आसपासच्या पाण्यात तासभर मुरू द्यायचे, त्यातून निथळलेला गोड काढा हॉप्स घालून तासभर उकळायचा, गार करायचा आणि त्यात यीस्ट घालायचे. या काढ्याला वर्ट म्हणतात. सुरुवातीला घनतामापी १.०४० दाखवतो, आठवड्याभरात आकडा १.०१० वर येऊन थांबतो आणि चार टक्क्यांच्या जवळपास अल्कोहोल तयार होते. बाटल्या भरल्या जातात. पंधरा-वीस दिवसांनी पहिली बाटली उघडली तर एल उत्तम लागते. दोन महिन्यांनी त्याच खेपेतली दुसरी बाटली उघडावी, तर फेस उसळून बाहेर येतो, चव पाणचट आणि आंबूस, मागून लवंगेसारखा उग्र वास, आणि घनता १.००६ वर घसरलेली. अशा वेळी बहुतेक जण मॉल्टला किंवा हॉप्सला दोष देतात आणि पुढच्या खेपेला कृती बदलतात. हा तपास चुकीच्या दिशेने जातो, असे मला ठामपणे वाटते. एल नासते ती बहुधा उकळी बंद झाल्यापासून यीस्टने ताबा घेईपर्यंतच्या काही तासांत, किंवा उकळीनंतर तिला ज्या ज्या वस्तूचा स्पर्श झाला तिथे. कृतीचा त्याच्याशी संबंध फार थोडा असतो.

पुरावा म्हणून आधी घनतेचा आकडाच घेऊ. १.०१० वर एल थांबली होती म्हणजे तिच्यात काहीच उरले नव्हते असे नाही. एलच्या यीस्टला साध्या साखरा खाता येतात. डेक्स्ट्रिन म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या त्याला पचत नाहीत आणि त्या तशाच राहतात. एलला अंगभर चव येते त्यात त्यांचा वाटा मोठा असतो. घनता एका अंकाने, म्हणजे १.०१० वरून १.००९ वर उतरते तेव्हा दर लिटरमागे अंदाजे दोन ग्रॅम साखर संपलेली असते आणि तिच्यातून सुमारे एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघालेला असतो. चार अंक म्हणजे चार ग्रॅम. बाटलीतल्या इंग्लिश एलमध्ये एकूण वायू असतोच मुळी लिटरला चार ग्रॅमच्या आसपास. म्हणजे या बाटलीत दाबासाठी ठरवलेल्या वायूच्या जवळपास दुप्पट वायू कोंडला होता. फेस उसळला तो म्हणून. आता प्रश्न असा की यीस्टला न पचणाऱ्या साखळ्या कोणी खाल्ल्या? मॉल्टने किंवा हॉप्सने तर नाही. बाटलीत दुसरा कोणी तरी जिवंत जीव होता, आणि उकळत्या वर्टमध्ये तो असणे शक्य नव्हते.

यावर एक रास्त शंका निघू शकते. कदाचित आंबवण पुरते झालेच नसेल आणि बाटल्या घाईने भरल्या असतील. असे घडते, आणि इंग्लिश यीस्टच्या बाबतीत तर सहज घडते, कारण त्यातल्या कित्येक जाती लवकर एकमेकींना चिकटून तळाशी बसतात. यॉर्कशरमधल्या काही जाती तर इतक्या लवकर खाली बसतात की तिथल्या दारूभट्ट्यांत आंबणारी बिअर पंपाने खालून वर फिरवत ठेवावी लागते. साखर शिल्लक असताना यीस्ट तळाशी गेले, मग बाटली भरताना ढवळले गेले, की ते पुन्हा कामाला लागते आणि दाब वाढतो. पण त्या बाटलीत आंबटपणा येत नाही, लवंगेचा वास येत नाही. फेस जास्त, पण चव स्वच्छ, अशी खूण असेल तर घाई झाली. फेसासोबत चव पाणचट झाली आणि परका वासही आला, तर तिथे परका जीव आहे. अशा बाटल्या तशाच ठेवून देणे धोक्याचे आहे. दाब वाढत जातो आणि काच फुटते. उरलेल्या बाटल्या लगेच थंड कराव्यात आणि हाताला व डोळ्यांना संरक्षण घेऊन एकेक उघडाव्यात.

हा परका जीव आत शिरतो कसा, हे समजायला दह्याचे उदाहरण पुरेसे आहे. दूध तापवून कोमट केले, विरजण ताजे आणि पुरेसे लावले, तर रात्रीत दही लागते. विरजण शिळे असेल, कमी पडले असेल किंवा दूध फार गार असेल, तर दही लागेपर्यंत इतर जंतूंना मोकळे रान मिळते आणि सकाळी भांड्यात तार सुटलेले, कडवट काही तरी मिळते. वर्टचेही तसेच आहे. तासभर उकळल्यावर तो व्यवहारात निर्जंतुक असतो, पण गार होऊ लागला की हवेतून, नळीतून, झाकणाच्या कडेतून जे आत पडेल ते जगते. साखर, प्रथिने, जीवनसत्त्वे, सगळे त्यात तयार असते. त्याचा सामू सव्वापाचच्या आसपास असतो, म्हणजे तो फारसा आंबटही नसतो. यीस्ट जोर धरते तेव्हा ते प्राणवायू संपवते, सामू चारच्या आसपास उतरवते, अल्कोहोल तयार करते, आणि मग बहुतेक जंतूंचा तिथे निभाव लागत नाही. सारा खेळ आहे तो यीस्ट जोर धरेपर्यंतच्या वेळेचा.

म्हणून यीस्ट किती घातले हा प्रश्न हॉप्स कोणते घातले यापेक्षा महत्त्वाचा आहे. एलसाठी प्रचलित हिशेब असा की १.०४० घनतेच्या वर्टमध्ये दर मिलिलिटरला पाऊण कोटीच्या आसपास जिवंत पेशी हव्यात. वीस लिटरला ते साधारण १५० अब्ज होतात. दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या द्रवरूप यीस्टच्या पाकिटात यातला चौथा हिस्साच जिवंत असेल, तर यीस्टला आधी दोनदा दुप्पट व्हावे लागते, आणि एकेका दुपटीला काही तास जातात. वर्टमध्ये वाढणारे जीवाणू याच काळात कितीतरी वेगाने दुप्पट होतात. त्यात वर्ट झाकण ठेवून रात्रभर आपोआप गार होऊ दिला, तर आणखी आठ-दहा तास फुकट जातात. तांब्याच्या नळीचे वेटोळे वर्टमध्ये बुडवून त्यातून नळाचे पाणी खेळवले की हेच काम साधारण अर्ध्या तासात होते. घरी एल करणाऱ्याने नव्या जातीच्या हॉप्सवर खर्च करण्याआधी या वेटोळ्यावर करावा.

हे सारे आज सरळ वाटते, पण दीडशे वर्षांपूर्वी लंडनच्या मोठमोठ्या दारूभट्ट्यांनाही ते ठाऊक नव्हते. १८७० - ७१ च्या युद्धात जर्मनीकडून फ्रान्सचा पराभव झाल्यावर फ्रेंच बिअर जर्मन बिअरच्या तोडीची व्हावी या इच्छेने लुई पाश्चर या विषयाकडे वळला. १८७१ मध्ये तो लंडनला गेला आणि तिथल्या व्हिटब्रेड या नामांकित भट्टीत त्याने पोर्टर बिअरचे थोडे यीस्ट मागून घेतले. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला यीस्टच्या गोल पेशींमध्ये मिसळलेले लांबट, दोऱ्यासारखे जीव दिसले. त्यावरून या पोर्टरबद्दल तक्रारी असणार, असे त्याने तिथल्या लोकांना सांगितले. त्याच सकाळी त्यांनी दुसऱ्या भट्टीतून नवे यीस्ट मागवले होते, हे त्यांना मान्य करावे लागले. आठवड्याच्या आत त्या भट्टीत सूक्ष्मदर्शक आला. १८७६ मध्ये पाश्चरने बिअरवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा गाभा हाच होता की बिअरच्या प्रत्येक बिघाडामागे यीस्टखेरीज दुसरा सूक्ष्मजीव असतो आणि तो नसेल तर बिअर नासत नाही. त्या भट्टीतल्या माणसांकडे पिढ्यांचे कसब होते, उत्तम मॉल्ट होते, केंटचे हॉप्स होते. चूक त्यांतल्या कशातच नव्हती.

पाश्चरच्या निष्कर्षात एक उणीव राहिली होती, आणि घरी एल करणाऱ्याला ती माहीत असणे गरजेचे आहे. जीवाणू नसलेले यीस्ट म्हणजे शुद्ध यीस्ट, असे तो धरून चालला. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हॅन्सनने दाखवून दिले की यीस्टमध्ये यीस्टच मिसळलेले असू शकते. चांगल्या जातीत जंगली जाती मिसळलेल्या असतात, सूक्ष्मदर्शकाखाली त्या ओळखू येत नाहीत, आणि बिअरला कडवट चव व घाण वास त्याच आणतात. त्याने एका पेशीपासून यीस्ट वाढवण्याची पद्धत बसवली आणि १८८३ मध्ये कार्ल्सबर्गने असे यीस्ट वापरायला घेतले. भट्टीचा मालक जे. सी. याकोबसेन याने ते इतरांनाही देऊ केले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्या उदाहरणातला लवंगेचा वास या शोधाशी जोडलेला आहे. बार्लीत फेरुलिक आम्ल असते. जंगली यीस्ट त्याचे रूपांतर लवंगेसारख्या वासाच्या द्रव्यात करते, तर एलच्या बहुतेक इंग्लिश जातींना ते जमत नाही. डेक्स्ट्रिन तोडून खाणारीही यीस्टची एक जंगली उपजात आहे. वास आणि पाणचटपणा एकत्र आले की संशय तिच्यावर जातो. आंबटपणा असेल तर लॅक्टिक जीवाणूही सोबत असतात.

आता मोठा आक्षेप. पूर्वी खेड्यापाड्यात, लाकडी पिंपांत, कसल्याही जंतुनाशकाशिवाय एल होत होती आणि लोक ती आवडीने पीत होते. मग स्वच्छतेचा एवढा बाऊ कशाला? त्या जुन्या एलकडे नीट पाहिले तर मूळ मुद्दा अधिकच पक्का होतो. त्या घरांत दर थोड्या दिवसांनी नवी खेप होत असे आणि आधीच्या खेपेच्या फेसावर आलेले यीस्ट ताजे, भरपूर पुढच्या खेपेत जात असे. हलकी एल आठवड्या-दोन आठवड्यांत पिऊन संपत असे, तिला नासायला वेळच मिळत नसे. ठेवणीतली जोरकस बिअर ऑक्टोबरात किंवा मार्चमध्ये केली जाई, त्यामुळे ऑक्टोबर बिअर आणि मार्च बिअर ही नावेच पडली. उन्हाळा टाळला जाई, आणि हॉप्स सढळ हाताने घातले जात. हॉप्समधली कडू आम्ले लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस यांसारख्या बहुतेक जीवाणूंना रोखतात. त्यांतल्या काही जाती मात्र या कडवटपणाला सरावलेल्या असतात. म्हणजे जुने लोक जंतू जाणत नव्हते, पण यीस्टचे बळ, थंडी आणि वेळ या तिन्ही गोष्टी सांभाळत होते. आज घरी एल करणारा दोन महिन्यांतून एखादी खेप करतो, यीस्ट पाकिटातून घेतो आणि बाटल्या महिनोन्‌महिने ठेवतो. त्यांची कृती घेऊन त्यांची दिनचर्या सोडून दिली, तर त्यांचा अनुभव आपल्याला लागू पडत नाही.

ही दिनचर्या तुटायला कायदाही कारणीभूत आहे. १८८० मध्ये ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनने मॉल्टवरचा कर काढून बिअरवर कर बसवला आणि घरी बिअर करायलाही परवाना लागू झाला. ही अट १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंगने उठवली. मधल्या ८३ वर्षांत शेजाऱ्याकडून ताजे यीस्ट आणण्याची घरगुती रीत पुष्कळ अंशी विरली. नव्याने सुरुवात करणाऱ्यांच्या हाती आले ते पुस्तकातले साहित्याचे तक्ते. कृतीवर जास्तीचा भरवसा आणि यीस्टकडे दुर्लक्ष, हे माझ्या मते तिथून आले. महाराष्ट्रात अजूनही १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न परदेशी राहणाऱ्यांपुरताच उरतो.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. आंबट किंवा जंगली चव म्हणजे बिघाड, हे कोणी ठरवले? इंग्लिश ठेवणीतल्या एलला जी खास चव होती ती कशाने येते, याचा शोध डॅनिश संशोधक क्लॉसेनने लावला. १९०४ मध्ये त्याने जाहीर केले की पिंपात मुरताना त्या एलमध्ये ब्रेटॅनोमायसिस नावाचे एक वेगळे यीस्ट हळूहळू काम करते आणि तिचा खास वास त्यातून येतो. म्हणजे आपण ज्याला परका म्हणतो तोच एके काळी इंग्लिश एलचा मानकरी होता. केप ऑफ गुड होपला वळसा घालून महिनोन्‌महिने प्रवास करत मुंबई-कलकत्त्याला येणारी पेल एल, आधी लंडनच्या हॉजसनच्या भट्टीची आणि १८२० च्या दशकापासून इंग्लंडमधल्याच बर्टन गावची, हीसुद्धा मुद्दाम जास्त हॉप्स घालून पिंपात मुरण्यासाठीच केलेली असे. हे सारे खरे आहे आणि त्या चवीबद्दल मला आदर आहे. पण ठेवणीतली एल पिंपात वर्षभर मुरते. वायू लाकडातून, बुचातून निघून जातो, साखळ्या संपतात, आंबट-कडूचा मेळ बसतो, आणि मग ती बाटलीत किंवा पेल्यात येते. घरच्या बाटलीत तेच यीस्ट बंद काचेत, चार टक्क्यांच्या हलक्या एलवर, कोणाच्या नजरेखाली नसताना काम करते. जीव तोच असला तरी वेळ आणि जागा ठरवून दिलेली नसेल, तर त्यातून तीच चव मिळण्याची आशा धरता येत नाही.

सगळे दोष परक्या जीवांचे असतात असेही नाही. लोण्यासारखा वास घ्या. डायअसेटिल या द्रव्याचा तो वास यीस्ट स्वतःच सुरुवातीला निर्माण करते आणि नंतर परत शोषून घेते. एल लवकर गार केली किंवा यीस्टवरून लवकर काढली की तो राहून जातो. इंग्लिश एलमध्ये थोडासा खपतो, पण बाटलीत तो दिवसेंदिवस वाढत असेल आणि सोबत आंबटपणा असेल तर पेडिओकॉकस हा जीवाणू आहे असे समजावे. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर आंबवलेल्या एलला स्पिरिटसारखी तिखट झाक येते, तीही यीस्टचीच करणी. तिथेही निर्णायक ठरतात ते पहिले दोन-तीन दिवस, म्हणजे आपला मुद्दा फारसा हलत नाही. खरा अपवाद दवाखान्यासारख्या औषधी वासाचा आहे. नळाच्या पाण्यातले किंवा ब्लीचचे क्लोरीन मॉल्टमधल्या फिनॉलशी जुळले की क्लोरोफिनॉल बनतात, आणि ते अब्जाच्या प्रमाणात काही भाग असले तरी जिभेला जाणवतात. यावर उपाय सोपा आहे: वीस-पंचवीस लिटर पाण्यात मेटाबायसल्फाइटची पाव ते अर्धी गोळी चुरून टाकायची, क्लोरीन काही मिनिटांत जाते. इथे मात्र जंतूंच्या मागे लागणाऱ्याने ब्लीच अधिक वापरले तर दोष वाढतोच.

बहुतेक वेळा गुन्हेगार सापडतो तो तोटीत. आंबवण्याच्या किंवा बाटल्या भरण्याच्या प्लास्टिकच्या बादलीला खाली जी तोटी असते, ती बाहेरून चकचकीत दिसते. ती काढून गरम पाण्यात ठेवली आणि आतला फिरता भाग बाहेरच्या नळीतून ओढून काढला, की दोन्हींच्या मध्ये तपकिरी, बुळबुळीत थर दिसतो. प्रत्येक खेपेची थोडी थोडी एल तिथे साचून सुकलेली असते. या थराखालच्या जीवांपर्यंत जंतुनाशक पोचतच नाही. म्हणून आधी घासून धुणे आणि मग निर्जंतुक करणे, ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्याने पहिल्याची जागा घेता येत नाही. चरे पडलेली बादली, आतून धूसर झालेली प्लास्टिकची नळी यांचेही तेच. नळीला फार किंमत नसते, दोष दिसला की ती बदलून टाकावी.

आणि अंदाजावर थांबायची गरज नाही. बर्टनमध्ये वर्दिंग्टनच्या भट्टीत काम करणारा रसायनज्ञ होरेस ब्राउन बिअरचे नमुने उबदार जागी ठेवून ती पुढे टिकेल का हे आधीच पारखत असे. घरच्या एलला त्याच धर्तीची चाचणी लावता येते. गार झालेला, यीस्ट घालण्याच्या आधीचा थोडा वर्ट उकळून घेतलेल्या छोट्या बरणीत भरावा, झाकण सैल ठेवावे आणि बरणी पंचवीस-तीस अंशांवर ठेवावी. हा वर्ट चाखायचा नाही आणि चाचणी झाली की फेकून द्यायचा, कारण न आंबलेल्या वर्टमध्ये विषारी जंतूही वाढू शकतात. तयार एलचे तसे नसते. तिच्यातला आंबटपणा, अल्कोहोल आणि हॉप्स यांमुळे रोगजंतू सहसा वाढत नाहीत, त्यामुळे बिघडलेली एल बेचव असली तरी सहसा घातक नसते. बरणी एका दिवसात गढूळ झाली किंवा बुडबुडे आले, तर दोष गार करण्याच्या टप्प्यात किंवा बादलीत आहे. तीन दिवस ती स्वच्छ राहिली, तर गार करण्याची बाजू ठीक आहे. मग खेप आंबून झाल्यावर तोटीतून काढलेली एक बाटली आणि तोटीला हात न लावता वरून काढलेली दुसरी बाटली अशा दोन वेगळ्या खुणा करून ठेवाव्यात, दोन महिन्यांनी दोन्ही उघडाव्यात. वरची स्वच्छ आणि तोटीतली आंबट निघाली तर तोटी बदलावी. दोन्ही आंबट निघाल्या तर बादली आणि यीस्ट दोन्ही नवी घ्यावीत.